पळी वरून भरली होती: एका माळकरी आजींच्या प्रथिनांचा हिशेब

वहीतली पहिली नोंद अशी आहे: "बसताना सोडून देतात." सून आजींना हाताला धरून आत घेऊन आली. त्यांनी खुर्चीच्या दोन्ही हातांवर तळवे टेकवले, हळूहळू खाली आल्या आणि शेवटचं वीतभर अंतर राहिलं तेव्हा अंग सोडून दिलं. बसल्या कसल्या, पडल्याच. मी आहारतज्ज्ञ, माणूस काय खातो ते विचारणं माझं काम. पण साठीच्या पुढचं कुणी आलं की मी खाण्याआधी त्याचं बसणं-उठणं बघते. ताटाबद्दल माणूस थोडंफार चुकीचं सांगतो, मांड्यांना ते जमत नाही.

वय ६९, वजन ४६ किलो, उंची १५० सेंटिमीटर. खटाव तालुक्यातलं शेतकरी घर, दावणीला दोन म्हशी, घरात पाच माणसं: आजी, मुलगा, सून, दोन नातवंडं. वीसेक वर्षांपूर्वी पंढरपुरात माळ घातली, तेव्हापासून मटण-मासळी तर सोडाच, अंडंही बंद. (घरच्यांना विचारूनच हे लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदललेत.)

तक्रार विचारली तर म्हणाल्या, "ताई, गुडघं न्हाय दुखत. पाय उचलतच न्हाय." जमिनीवर बसलं की उठताना कुणाचा तरी हात लागतो. परसाकडे जायला रात्री सुनेला उठवावं लागतं, त्याची लाज वाटते. आणि खरं दुखणं शेवटी बाहेर आलं. ज्ञानोबांची पालखी लोणंदला आली की त्या दर वर्षी तिथं जाऊन पालखीबरोबर तरडगावपर्यंत चालायच्या. टप्पा तसा लहान, वाटेत चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण. गेल्या वर्षी त्या लोणंदमधूनच परत आल्या. "माउली म्होरं गेली, मी हितंच," असं म्हणून त्या पदराशी चाळा करत बसल्या.

मुलाचं मत एका वाक्यातलं: वय झालंय.

वय झालं होतंच. पण दोन वर्षांपूर्वी त्यांचं वजन ५१ किलो होतं आणि त्या म्हशीची धार काढत होत्या. मध्ये काय घडलं ते सुनेनं सांगितलं. अंगणात घसरून उजवं मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. धार सुटली, शेतात जाणं सुटलं, बसून राहणं वाढलं. त्याच सुमाराला उरलेले दात काढून कवळी बसवली. ती कधी नीट बसलीच नाही, म्हणून भाकरी कुस्करून खायची सवय लागली. भूक कमी झाली आणि कमी झालेल्या भुकेला सगळ्यांनी वयाचं नाव दिलं.

इतकं वजन आपोआप उतरलं असेल तर ताटाकडे वळण्याआधी दुसरं काही नाही ना, हे डॉक्टरांनी बघायला हवं. ते झालेलं होतं. ज्या फिजिशियननी पाठवलं त्यांनी छातीचा एक्स-रे, साखर, थायरॉइड, सगळं तपासलं होतं. क्षयरोग नाही, मधुमेह नाही. बी-१२ आणि ड जीवनसत्त्व कमी होतं, त्याची औषधं त्यांनी चालू केली. मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते सांगणारी रक्तचाचणी म्हणजे क्रिएटिनिन; ते ०.८ होतं, म्हणजे मूत्रपिंडाची काळजी नव्हती. हा आकडा मी दोनदा वाचला, कारण मूत्रपिंड बिघडलेल्या माणसाला पुढचं काहीही लागू पडत नाही. तिथं प्रथिनं किती द्यायची ते डॉक्टरच ठरवतात.

त्याच कागदावर आणखी एक आकडा होता: अल्ब्युमिन ३.९. मुलानं त्यावर बोट ठेवलं. "मॅडम, प्रोटीन तर नॉर्मल आहे की."

हा गैरसमज मला आठवड्याला एकदा तरी भेटतो, म्हणून थोडं थांबते. अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन, ते यकृतात तयार होतं. खाण्यातून प्रथिनं कमी पडली की शरीर ते लगेच कमी होऊ देत नाही. स्नायू मोडायचे, त्यांतली अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनं ज्यांची बनतात ते तुकडे, रक्तात सोडायची आणि यकृताचा, हृदयाचा, रोगप्रतिकाराचा कारभार चालू ठेवायचा, ही शरीराची रीत. चरबीचा साठा करता येतो, प्रथिनांचं वेगळं कोठार कुठं नसतं. मांड्या, दंड, पोटऱ्या हेच कोठार. त्यामुळे कित्येक महिने कमी खाणाऱ्या माणसाचंही अल्ब्युमिन चांगलं दिसू शकतं. उलट चांगलं खाणाऱ्याला मोठा जंतुसंसर्ग झाला की ते घसरतं. अल्ब्युमिन बघून ताटाचा अंदाज बांधणं म्हणजे ओसरीवर दिवा दिसला म्हणून कणगीत धान्य आहे असं धरून चालणं.

म्हणून मी कणगीच मोजली. पोटरीचा घेर टेपनं घेतला: २९.५ सेंटिमीटर. आशियाई लोकांसाठी २०१९ मध्ये जे निकष ठरले त्यांत बायकांची पोटरी ३३ च्या खाली असेल तर स्नायू झिजल्याचा संशय घ्यावा असं आहे. मग खुर्ची चाचणी. हात छातीशी घडी घालून खुर्चीतून पाच वेळा उठायचं आणि बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर स्नायूंची ताकद किंवा हालचाल कमी पडतेय असं समजतात. आजींना १९ सेकंद लागले, आणि चौथ्या वेळेला हात सुटून खुर्चीकडे गेलाच. मुठीची ताकद मोजायचं यंत्र माझ्याकडे नाही. मी विचारलं, नऊवारी पिळता येते का? सून म्हणाली, "आत्या नुसती बुचकळून वाळत घालत्यात. पाणी गळत ऱ्हातं."

आता ताट.

आदल्या दिवशी सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय पोटात गेलं ते मी विचारते, वाटी आणि पळी समोर ठेवून. पहाटे चहा आणि दोन टोस्ट. दहा वाजता अर्धी भाकरी, शेंगदाण्याची चटणी चमचाभर. दुपारी अर्धी भाकरी कुस्करून, डाळीची आमटी, थोडा भात, दोडक्याची भाजी. चार वाजता चहा, एक टोस्ट. रात्री भात-आमटी. दूध फक्त चहातलं. हिशेब केला तेव्हा प्रथिनं २५ ग्रॅमच्या आसपास निघाली आणि ऊर्जा १००० कॅलरीच्याही आत. लोक विसरतात, कमी सांगतात, हे धरून मी तीन वेगवेगळ्या दिवसांचं लिहून आणायला सांगितलं. त्यातला एक सोमवार होता, म्हणजे उपवास. साबुदाण्याची खिचडी, बटाटा, चहा. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ शून्य. खिचडीतला शेंगदाण्याचा कूट होता म्हणून त्या दिवशी निदान १२ ग्रॅम तरी झाली. चार सोमवार, दोन एकादश्या, एक संकष्टी: महिन्यातले सात दिवस असे.

किती लागतात? आपल्याकडे राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२० मध्ये जे आकडे दिले, त्यांप्रमाणे प्रौढ माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम. पण हा आकडा चांगल्या प्रतीच्या प्रथिनांचा आहे. मुख्य भर धान्यावर असेल तर किलोमागे एक ग्रॅम धरावं. म्हातारपणी स्नायू आळशी होतात; तेवढ्याच प्रथिनांतून तरुण माणसाचा स्नायू जितका बांधला जातो तितका म्हाताऱ्याचा बांधला जात नाही. म्हणून वृद्धांसाठी १ ते १.२ ग्रॅम हा पल्ला तज्ज्ञ सांगतात. आजींच्या ४६ किलोंना त्या हिशेबानं रोज ४६ ते ५५ ग्रॅम हवीत. त्या निम्म्यावर होत्या.

आता एवढ्यावर मी "डाळी वाढवा, दूध प्या" असा छापील कागद हातात दिला असता, तर त्यांनी तो देव्हाऱ्यात ठेवला असता आणि प्रकरण तिथंच संपलं असतं. मला एक गोष्ट खटकत होती. सून म्हणत होती की घरात रोज आमटी होते, आणि वाटी भरून तूरडाळ लागते. मी तिला ती वाटी पुढच्या वेळी आणायला सांगितली, तराजूवर मोजली: १२० ग्रॅम डाळ मावत होती. पाच माणसांत वाटली तर माणशी २४ ग्रॅम, म्हणजे पाचेक ग्रॅम प्रथिनं. आजींच्या ताटातल्या आमटीचं जे वर्णन त्या करत होत्या ते मात्र याच्याशी जुळत नव्हतं. "पानीच असतंय, बरं पडतं, भाकर भिजती."

मग मी विचारलं, पहिलं ताट कुणाचं?

सुनेला प्रश्नच कळला नाही. आत्यांचंच, घरातल्या मोठ्या त्या. मान त्यांचा.

आणि इथंच गाठ सुटली. आमटी चुलीवरून उतरवून थोडा वेळ ठेवली की डाळ खाली बसते. पहिली पळी वरून भरते. कालवायचं राहतं, कारण कालवलं की तेलाचा तवंग मोडतो आणि पोरांना तर्री लागते. आजींना मानानं आधी वाढायचे, त्यामुळे रोज दोन वेळा वरचं पाणी त्यांच्या ताटात. तळचा घट्ट गोळा नंतर येणाऱ्या मुलाला आणि नातवंडांना. आजींनाही पातळच हवं असायचं, कवळीमुळे. कुणी कुणाचं तोडत नव्हतं. सगळे आपापल्या परीनं नीटच वागत होते, फक्त डाळ तळाला होती आणि पळी वरून भरली जात होती.

दुधाचंही तसंच. दोन म्हशी, दोन्ही वेळचं मिळून आठ-नऊ लिटर दूध आणि घरात अर्धा लिटर, तेही चहासाठी. बाकीचं कॅनमधून डेअरीत. सांगण्यासारखी गोष्ट म्हणजे मनगट मोडेपर्यंत तो कॅन डेअरीवर घेऊन जायच्या त्या आजीच.

प्रथिनांना इंग्रजीत जे नाव आहे ते १८३८ मध्ये मुल्डर या डच रसायनशास्त्रज्ञानं छापलं. ग्रीक मुळात त्याचा अर्थ 'पहिल्या महत्त्वाचं'. आपल्या 'प्रथिन' शब्दातही 'प्रथम' ऐकू येतो. या घरात पहिलं ताट होतं, पहिल्या महत्त्वाची गोष्ट मात्र भांड्याच्या बुडाशी.

डबा

मुलानं स्वस्थ बसून सगळं पाहिलं असंही नाही. मला भेटायच्या महिनाभर आधी त्यानं साताऱ्याहून प्रोटीनचा डबा आणला होता, चॉकलेट चवीचा. मी डबा मागवून घेतला आणि मागचा कागद वाचला. एका वेळच्या ३० ग्रॅम भुकटीत १० ग्रॅम प्रथिनं, बाकी बरीचशी साखर. १० ग्रॅम वाईट नाहीत. पण घरी देत होते दोन चमचे, आणि ते ३० ग्रॅम होत नाहीत. चमचा मोजला तर सात-आठ ग्रॅम भुकटी निघाली. म्हणजे दोन चमच्यांत पाच ग्रॅम प्रथिनं. दुधात घातली असती तर दुधाची तरी वर मिळाली असती. आजी ती कोमट पाण्यात घेत होत्या. दूध डेअरीला जात होतं ना.

पुढं कळलं की त्या घेतही नव्हत्या. चव आवडली नाही, आणि धाकट्या नातवाला फार आवडली.

डब्याला माझा सरसकट विरोध नाही. गिळता येत नाही, शस्त्रक्रिया झाली आहे, भूक पार मेली आहे अशा माणसाला मी स्वतः भुकटी लिहून देते. इथं मात्र डब्यापेक्षा स्वस्त आणि चांगली वस्तू गोठ्यात उभी होती.

खटाव तालुक्याचं नाव आलं म्हणून एक आठवण सांगते, विषयाला धरून आहे. याच तालुक्यातल्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे. संख्याशास्त्रज्ञ, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत सांख्यिकी विभाग त्यांनी बरीच वर्षं सांभाळला. १९६० च्या दशकात जगभर ओरड होती की गरीब देशांत प्रथिनांचा तुटवडा आहे, त्यासाठी खास प्रथिनयुक्त भुकट्या बनवा. सुखात्म्यांचं म्हणणं वेगळं होतं. भारतातल्या डाळ-धान्याच्या जेवणात, पोटभर खाल्लं तर, बहुतेकांना पुरतील एवढी प्रथिनं असतात. मूळ तूट पोटभर खाण्याची आहे. ऊर्जाच कमी पडली की शरीर खाल्लेली प्रथिनंही सरपणासारखी जाळतं. त्यांच्या या मांडणीवर पुष्कळ वाद झाले. आजींच्या बाबतीत मला त्यातलं अर्धं पटतं. १००० कॅलरीच्या आत खाणाऱ्या बाईला नुसती प्रथिनं ओतून काय होणार? ती चुलीतच जायची. पण "पोटभर खा, प्रथिनं आपोआप येतील" हे तरुण कष्टकऱ्याला जितकं लागू आहे तितकं तोकड्या भुकेच्या म्हाताऱ्या माणसाला नाही. त्याच्या पोटात जागाच थोडी. त्या जागेत काय बसवायचं ते निवडावं लागतं. टोस्ट बसवला की डाळ बाहेर राहते.

ताट पुन्हा मांडलं

मी ठरवलं की घरात नाही असं काहीही लिहायचं नाही. अंड्याचं नाव काढलं नाही. आधीच्या एका ठिकाणी कुणीतरी "माळ काढून ठेवा आणि अंडी खा" म्हटल्यावर आजी तिथून उठून आल्या होत्या, आणि माझ्या मते बरोबर केलं त्यांनी. पनीर, सोयाच्या वड्या यांचंही नाव काढलं नाही. सोयाच्या वड्यांत खरं तर भरपूर प्रथिनं, वजनाच्या निम्म्यापर्यंत. पण त्या चावायला कवळी हवी आणि आवड हवी.

पहिली गोष्ट दूध. कॅन भरायच्या आधी ३०० मिलिलिटर बाजूला. त्यातल्या निम्म्याचं दही, सकाळच्या भाकरीबरोबर. निम्मं दूध रात्री झोपताना. म्हशीच्या दुधात शंभर मिलिलिटरमागे साडेतीन ग्रॅमच्या वर प्रथिनं, म्हणजे दोन्ही मिळून ११ ग्रॅम इथंच आली. मुलानं लगेच हिशेब केला: महिन्याला नऊ लिटर. मी म्हटलं, डब्याची पावती काढा. त्यानं काढली नाही, पण मान हलवली.

दुसरी गोष्ट आमटी. डाळ वाटीभरावरून दीड वाटी, आणि आजींना वाढताना पळी तळापर्यंत घालून ढवळायची. दुपारच्या एका वेळेला ३० ग्रॅम डाळीचा घट्टपणा त्यांच्या वाटीत यायला हवा: साडेसहा ग्रॅम. भाकरी त्यातच भिजेल. ज्वारीचं प्रथिन एकट्यानं पांगळंच, त्यात लायसिन हे अमिनो आम्ल फार थोडं, आणि पाण्यात शिजवल्यावर ते पचायलाही जड होतं. डाळीत लायसिन भरपूर, पण मेथिओनिन हे दुसरं अमिनो आम्ल कमी, आणि ते धान्यात बरं असतं. भाकरी-आमटी, भात-वरण या जोड्या कुणी प्रयोगशाळेत बसून ठरवल्या नाहीत, तरी त्या जुळतात. अट एवढीच की डाळ दिसली पाहिजे.

तिसरी, चार वाजताचा टोस्ट बंद आणि त्याजागी कूट-गुळाचा एक लाडू, २० ग्रॅम शेंगदाण्यांचा. दातांचं काम नाही, पावणेपाच ग्रॅम प्रथिनं आणि वर ऊर्जा.

रात्रीचं मला सुचत नव्हतं. भाताबरोबर पिठलं लिहिलं, कारण ३० ग्रॅम बेसनाचं पिठलं मऊ असतं आणि साडेसहा ग्रॅम प्रथिनं देतं. पण रोज पिठलं कोण खाईल? तेव्हा इतका वेळ गप्प बसलेल्या आजी बोलल्या. "हुलग्याचं माडगं चालंल का?"

चालेल काय, धावेल. हुलगा म्हणजे कुळीथ. त्यातही तुरीएवढीच प्रथिनं. माणदेशात दुष्काळात यानंच लोक तगले. पीठ भाजून, ताकात किंवा पाण्यात कालवून, लसूण-जिरं घालून कढवलेलं माडगं कवळी नसलेल्यालाही जातं. सून म्हणाली, आत्यांच्या हातचे शेंगोळे पण लई भारी व्हायचे, पण हुलगा आता कोण खातंय, तो म्हशीला भरडून घालतात. म्हणजे घरात हुलगाही होता. म्हशीच्या वाट्याला.

उपवासाला हात लावला नाही. माळकरी बाईला एकादशी सोड म्हणणं हा माझा धंदा नाही. त्यांच्याकडे एकादशीला भगरही चालत नाही. म्हणून त्या दिवशी दही, दूध, शेंगदाण्याची आमटी, राजगिऱ्याचा लाडू, साबुदाणा चवीपुरता. सोमवारी भगर चालते, तेव्हा भगर आणि शेंगदाण्याची घट्ट आमटी. उपवासाचा दिवस १२ वरून २८-३० ग्रॅमपर्यंत आला. तेवढं पुष्कळ.

सगळं मांडून पाहिलं तर रोजची प्रथिनं ४८ ग्रॅम आणि ऊर्जा १५०० कॅलरीच्या आसपास. एका जेवणात २५ ते ३० ग्रॅम असावीत असा सल्ला हल्ली वाचायला मिळतो. ४६ किलोच्या, कवळीनं खाणाऱ्या बाईला ते सांगून तिचं जेवण जड करण्यापेक्षा सकाळी १०, दुपारी १३, रात्री १५ अशी वाटणी मला पसंत पडली.

आणि व्यायाम. तो लिहून दिला नसता तर हे सगळं वाढलेलं अन्न पोटावर चरबी होऊन बसलं असतं. स्नायूला ओझं पडलं तरच तो बांधकामाला वीट मागतो. अंगणातल्या बाजेवरून नव्हे, पक्क्या खुर्चीवरून, आठ वेळा उठ-बस, दिवसातून तीनदा. दावणीच्या खांबाला धरून टाचा उचलणं. हात कमी कमी टेकवायचे. त्या म्हणाल्या, "ह्याला काय येयाम म्हणत्यात व्हय?"

काय झालं

पहिले दोन आठवडे वाईट गेले. पोट फुगलं. सुनेनं उत्साहात मोडाच्या मटकीची उसळही रोज सुरू केली होती, जी मी लिहिली नव्हती. ती बंद केली. डाळ रात्री भिजवून, हिंग घालून, जास्त शिजवून. माडगं आधी निम्मंच. तिसऱ्या आठवड्यात पोट शांत झालं.

तरीही महिन्याभरानं लिहून आणलेलं ताट मोजलं तर ३४ ग्रॅमच. कुठं गळती आहे ते पंधरा मिनिटं सापडेना. शेवटी सून हसत म्हणाली, लाडू बाळ्या खातो. शाळेतून येतो चारला, आणि आजी लाडू हातात घेऊन बसलेली असते. दह्याचंही बरंचसं त्याच वाटेनं. मी आजींकडे पाहिलं तर त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. त्यावर उपाय आहारशास्त्रात नाही. सुनेनंच काढला: लाडू दोन, आणि दोघांनी एकमेकांसमोर बसून खायचे. नातवाला आजीच्या उठ-बशा मोजायचं कामही दिलं. तो फार कडक निघाला. हात टेकला की ती उठ-बस धरत नसे.

बारा आठवड्यांनी वजन ४७.६, खुर्ची चाचणी साडेचौदा सेकंद, हात न सोडता. पोटरी अर्धा सेंटिमीटर वाढलेली. टेपच्या चुकीतही तेवढं येतं, म्हणून मी ते मोजत नाही. चोवीस आठवड्यांनी वजन ४८.५ आणि चाचणी १२.८ सेकंद. म्हणजे निकषाच्या अजून जरा पलीकडेच. क्रिएटिनिन डॉक्टरांनी पुन्हा तपासलं, जसंच्या तसं.

यातलं किती श्रेय प्रथिनांचं? सांगता येणार नाही. बी-१२ आणि ड जीवनसत्त्वाची औषधं त्याच वेळी चालू होती. एकूण खाणं वाढलं, हालचाल वाढली, घरात त्यांच्या ताटाकडे कुणीतरी पाहू लागलं. एका माणसाच्या हकिकतीतून हे धागे सुटे करता येत नाहीत. एवढं मात्र माझ्या वहीत आहे की ज्या महिन्यात ताट ३४ वर अडकलं होतं, त्या महिन्यात उठ-बशा चालू असूनही वेळ १८ च्या खाली आली नव्हती.

माझ्याकडूनही एक चूक झाली, ती तिसऱ्या भेटीत लक्षात आली. इतके दिवस पळी, वाटी, कॅन यांची सगळी माहिती मला सुनेनं दिली. पहाटे पाचला उठून धार तीच काढते, शेतात तीच जाते, वाढते तीच आणि शेवटी जेवते तीच. दीड वाटी डाळीतली आत्यांना तळातून वाढल्यावर तिच्या वाट्याला काय उरतं, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. विचारल्यावर ती म्हणाली, "मला काय, ठेच्याबरोबर भाकरी जाती."

आषाढी उलटल्यावर दोघी आल्या. आजी लोणंदहून निघाल्या, चांदोबाच्या लिंबाला पोचल्या, रिंगण पाहिलं, आणि तिथून पुढं तरडगावला ट्रॅक्टरमधून गेल्या. "अर्धं म्या चालले, अर्धं माउलीनं नेलं," म्हणाल्या. बसताना हात टेकवले, पण अंग सोडून दिलं नाही. त्यांची वही झाल्यावर मी नवं पान काढलं, वर सुनेचं वय लिहिलं, ३६, आणि तिला काल सकाळपासून सांगायला लावलं. ती पहिल्यांदा आत्यांकडे पाहू लागली. आत्या म्हणाल्या, "सांग की गं. समदं सांग."